घाण्यामागे पळीभर तेल

चाळीसगावहून पाटणादेवीकडे निघालं की पंधरा-वीस किलोमीटरांत रान बदलतं. कापसाची शेतं मागे पडतात, अजिंठ्याच्या रांगेचे डोंगर दोन्ही अंगांनी जवळ येतात आणि गौताळ्याचं जंगल सुरू होतं. नवरात्रात इथे पाय ठेवायला जागा नसते. आडदिवशी गेलात तर चंडिकादेवीच्या देवळात गारवा, वटवाघळांचा वास आणि दगडावर दगड बसवून उभे केलेले जुने खांब. बाया ओटी भरतात, नारळ फुटतो, लोक बाहेर येऊन धबधब्याची वाट विचारतात. इथल्या शिलालेखाची चौकशी मात्र क्वचितच कोणी करतं. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला, आणि खानदेशाबद्दल आपल्याला जे काही पक्कं ठाऊक आहे त्यात या लेखाचा वाटा मोठा आहे.

शके ११२८, म्हणजे इसवी सन १२०७. श्रावणातली पौर्णिमा आणि चंद्रग्रहण. देवगिरीच्या सिंघण यादवाचा मांडलिक, निकुंभ घराण्यातला सोइदेव, याने त्या पर्वावर एका मठाला दान दिलं. मठ काढला होता चांगदेवाने. मुक्ताईला शरण गेलेले योगी चांगदेव ते हे नव्हेत. हा चांगदेव सिंघणाच्या दरबारातला ज्योतिषी, आणि ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा नातू. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत एवढ्यासाठी त्याने मठ उभारला. दानाचा पैसा कुठून यायचा, तेही लेखात कोरलेलं आहे. पाटणच्या बाजारात जो माल विकला जाई, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर मठाला दिला. तेलाच्या घाण्यांवरही भार टाकला, दर घाण्यामागे पळीभर तेल. लेखाची सुरुवात संस्कृतात आहे, पण कोणी काय द्यायचं हे सांगायची वेळ आली तेव्हा कोरणारा मराठीवर आला. देणाऱ्याला कळलं पाहिजे ना!

सरकारी पैसा धर्मकार्याला द्यावा की नाही, या वादात बोलणारे बहुतेक दोनच टोकांना उभे असतात. एक म्हणतो, देवाधर्माला सरकारने एक छदामही देऊ नये. दुसरा म्हणतो, राज्य लोकांचं आहे, लोक देव मानतात, मग दिलं तर बिघडलं काय? मला पाटणच्या त्या घाण्यावर बसलेल्या माणसापासून सुरुवात करावीशी वाटते. त्याने पळीभर तेल दिलं. त्या तेलाचं काय झालं? दिव्यात जळलं असेल, आणि त्या दिव्याखाली कोणीतरी भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तली गणितं सोडवली असतील. पण त्या घाणेवाल्याच्या पोराला मठात पाट मांडून कोणी बसवलं असेल का? आणि पळीभर तेल द्यायचं की नाही, हे त्याला कोणी विचारलं होतं का? सार्वजनिक पैसा धर्माच्या दारात जातो तेव्हा विचारायचे प्रश्न आजही हेच आहेत. पैसा कोणाचा, त्यातून नेमकं काय घेतलं, ते वापरायला सगळ्यांना मिळतं का, आणि ठरवलं कोणी.

सोइदेवाने केलं ते त्या काळी सगळेच राजे करत. पुढे दोनशे वर्षांनी खानदेशावर फारुकी सुलतान आले. आजच्या धुळे जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेरला त्यांची थडगी आहेत. त्यांनी वसवलेल्या बुऱ्हाणपूरचं नावच मुळी सूफी संत बुऱ्हाणुद्दीन यांच्यावरून पडलं. त्याच गावातल्या जामा मशिदीत अरबी लेखाच्या जोडीला संस्कृत लेखही कोरलेला आहे. राजा ज्या धर्माचा, त्या धर्माला हात सैल. पण प्रजेत दुसरे लोक आहेत याचं भानही त्याला ठेवावं लागे. मात्र हा सगळा राजाच्या मर्जीचा मामला. राजाचा खजिना आणि राजाची पुण्याई या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, असं तेव्हा कोणी मानत नव्हतं.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. आता राज्यकर्ता ख्रिस्ती, आणि रयत देवळा-मशिदींची इनामं सांभाळून बसलेली. विलायतेत पाद्री मंडळी कंपनीवर टीका करू लागली, की ख्रिस्ती सरकार मूर्तिपूजेची व्यवस्था कसं पाहतं? पुरीच्या जगन्नाथाला जाणाऱ्यांकडून कंपनी यात्राकर घेत असे, तो १८४० मध्ये बंद झाला. बंगाल आणि मद्रासकडे १८६३ च्या कायद्याने सरकारी अंमलदारांनी देवस्थानांच्या कारभारातून अंग काढून घेतलं. मुंबई इलाख्यात मात्र जुनी इनामं बऱ्याच अंशी चालू राहिली. त्याची खूण आजही तलाठ्याच्या दप्तरात आहे. सातबारावर ‘देवस्थान इनाम वर्ग ३’ असा शेरा दिसला की समजावं, या जमिनीचा धनी देव आहे. पुजारी किंवा मुजावर फक्त वहिवाटदार. त्याला ती परस्पर विकता येत नाही. मारुतीच्या नावावर जमीन असते, पिराच्या आणि मशिदीच्या नावावरही असते. दिवाबत्तीसाठी, उरुसासाठी, नंदादीपासाठी दिलेली ही जमीन म्हणजे थेट सोइदेवाच्या वंशातली गोष्ट. स्वतंत्र भारताने व्यक्तींची इनामं खालसा केली, देवांची ठेवली.

मग १९५० साली संविधान आलं आणि त्यात अनुच्छेद २७ आला. तो आकाराने लहान आहे, पण त्याची शब्दयोजना बारकाईने पाहावी लागते. सोप्या मराठीत त्याचा अर्थ असा, की ज्या कराचं उत्पन्न एखाद्या विशिष्ट धर्माच्या किंवा पंथाच्या प्रसारासाठी किंवा पोषणासाठी खास म्हणून राखून ठेवलेलं आहे, असा कर भरायची सक्ती कोणावरही करता येणार नाही. म्हणजे उद्या एखाद्या सरकारने ‘मंदिर उपकर’ किंवा ‘चर्च उपकर’ बसवला तर तो टिकणार नाही. पाटणची पळीभर तेलाची तरतूद आज कोणी कायदा करून आणली, तर न्यायालयात ती पहिल्याच तारखेला अडचणीत येईल. इथवर सगळं स्वच्छ आहे.

अडचण पुढे आहे. आपण जो जीएसटी भरतो, पेट्रोलवर जो कर देतो, तो कोणत्याच धर्मासाठी राखून ठेवलेला नसतो. तो तिजोरीत जातो. तिजोरीतून सरकारने एखाद्या देवस्थानाला दहा कोटी दिले, तर तो अनुच्छेद २७ चा भंग आहे का? अनुच्छेदाच्या अक्षराकडे बोट दाखवून ‘नाही’ म्हणता येतं. त्याच्या हेतूकडे पाहिलं तर इतकं सहज ‘नाही’ म्हणवत नाही. शिवाय खुद्द संविधानातच एक अपवाद आहे. अनुच्छेद २९०-क प्रमाणे केरळच्या तिजोरीतून दरवर्षी ४६ लाख ५० हजार रुपये त्रावणकोरच्या देवस्वम निधीला जातात आणि तमिळनाडूच्या तिजोरीतून तिथल्या देवस्वम निधीला १३ लाख ५० हजार. संस्थानं विलीन करताना जुन्या राजांनी देवळांच्या बाबतीत घेतलेला शब्द आपण पाळतो आहोत. आपल्या प्रजासत्ताकाने धर्म आणि राज्य यांच्यात भिंत बांधली नाही. कुंपण घातलं, त्यात जागोजाग फाटकं ठेवली आणि फाटकांवर राखण बसवली, असं मी म्हणेन.

या राखणीचं काम मुख्यतः न्यायालयांकडे आलं. १९५४ साली रतिलाल पानाचंद गांधी विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात आपल्याकडच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यावर प्रश्न आला. धर्मादाय आयुक्त ट्रस्टांकडून जी वर्गणी घेत, तो धर्मावरचा कर नाही का? सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, हा कर नव्हे, हिशेब तपासण्याच्या सेवेबद्दलची फी आहे. देवस्थानाचा पैसा देवाचा असला तरी त्याचा हिशेब लोकांना द्यावा लागेल, हे तत्त्व इथे पक्कं झालं. गावच्या देवस्थानाचे विश्वस्त बदल अर्ज घेऊन धर्मादाय कार्यालयाच्या पायऱ्या चढतात ते याच कायद्यापायी.

पुढचा मोठा खटला हजच्या अनुदानाचा. यात्रेकरूंच्या विमानभाड्यातला काही भाग केंद्र सरकार सोसत असे. एका माजी खासदाराने याचिका केली, की माझ्या करातून दुसऱ्या धर्माची यात्रा कशासाठी? जानेवारी २०११ मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळली. कारण असं दिलं, की एकूण कराचा मोठा हिस्सा एखाद्या धर्मासाठी खर्च झाला तर अनुच्छेद २७ चा भंग होईल; तुलनेने लहान हिस्सा गेला तर नाही. उदाहरण म्हणून त्यांनी एकूण प्राप्तिकराच्या पंचवीस टक्क्यांचा उल्लेख केला. कुंभमेळ्यासाठी आणि मानसरोवराच्या यात्रेसाठीही सरकारं खर्च करतात, याची नोंदही निकालात आहे.

मला ही कसोटी पटत नाही. पंचवीस टक्के प्राप्तिकर एखाद्या धर्माला देणारं सरकार या देशात येणं शक्य नाही. म्हणजे या कसोटीवर नापास होणारा खर्च जवळपास असणारच नाही. १७८५ साली अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये जेम्स मॅडिसनने नेमका उलटा मुद्दा मांडला होता. धर्मगुरूंच्या पगारासाठी कर बसवायचा घाट होता. मॅडिसन म्हणाला, जे सरकार एखाद्याकडून तीन पेन्स त्याच्या इच्छेविरुद्ध धर्मासाठी घेऊ शकतं, ते पुढे काहीही करायला लावू शकतं. रक्कम किती हा प्रश्नच नाही. पाटणचं तेलही पळीभरच होतं.

हजचं अनुदान वेगळ्याच वाटेने संपलं. मे २०१२ मध्ये न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांच्या खंडपीठाने ते दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं. हा पैसा समाजाच्या शिक्षणासाठी आणि उन्नतीसाठी अधिक चांगला वापरता येईल, असं त्यांचं म्हणणं होतं. आपल्या ऐपतीने हज करायची, ही त्या धर्माचीच शिकवण आहे, याचा दाखलाही निकालात आहे. जानेवारी २०१८ मध्ये केंद्राने अनुदान पूर्ण बंद केलं.

आपल्या जवळचा एक खटला मला या सगळ्यांपेक्षा जास्त शिकवून जातो. एप्रिल २०१७, नागपूर. महानगरपालिकेने कस्तुरचंद पार्कवर एड्सविषयीच्या जनजागृतीचा कार्यक्रम ठरवला आणि त्याच्या जोडीला हनुमान चालीसाचं सामूहिक पठण. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने विचारलं, चालीसाच का, दुसऱ्या धर्माचा ग्रंथ का नाही? मग त्यांनी दोन्ही कार्यक्रम वेगळे करायला लावले. आरोग्याचा कार्यक्रम महापालिकेचा. पठण भाविकांचं, त्यांच्या खर्चाने. कोणी चालीसावर बंदी घातली नाही, कोणी महापालिकेला मैदानातून हुसकलं नाही. एका हिशेबाच्या दोन वह्या केल्या, एवढंच.

आता आपल्या गल्लीत येऊ.

कार्तिकी एकादशीला जुन्या जळगावात श्रीरामाचा रथ निघतो. अप्पा महाराजांनी १८७२ मध्ये ही प्रथा सुरू केली. लाकडी, नक्षीदार, उंच रथ. त्याला ना स्टिअरिंग ना ब्रेक. तो आवरायचा तो मोगरीने. चाकाखाली लाकडाची मोगरी सारणारी माणसं रथाबरोबर वाकून चालतात. बोळ अरुंद, उतार आला की रथ पुढे धाव घेऊ पाहतो आणि त्या क्षणी हाताएवढं लाकूड नेमक्या जागी सरकवावं लागतं. क्षणभर चुकलं तर हात जाईल. ती मोगरी सरकवणाऱ्यांची नजर मी जवळून पाहिली आहे. लाखभर लोक जयजयकार करत असतात आणि ही माणसं फक्त चाक बघत असतात. वाटेत लालशा बाबांच्या दर्ग्यापाशी रथ थांबतो आणि चादर चढते, कारण अप्पा महाराज आणि लालशा बाबा एकमेकांचे मित्र होते.

रथाचा खर्च संस्थान आणि भाविक करतात. पण त्या दिवशी रस्त्यावरचे खड्डे कोण बुजवतं? बंदोबस्ताला पोलीस कोणाचे? वाटेवरच्या विजेच्या तारांची काळजी कोण घेतं, दुसऱ्या दिवशीचा कचरा कोण उचलतं? हा सगळा सार्वजनिक पैसा, आणि तो खर्च झालाच पाहिजे. जिथे माणसं जमतात तिथे त्यांचा जीव सांभाळणं हे सरकारचं काम. माणसं रामाला जमली, उरुसाला जमली, शेतकऱ्यांच्या मोर्चाला जमली, सरकारला त्याच्याशी कर्तव्य नाही. अमेरिकेत १९४७ साली एव्हर्सन खटल्यात हाच विचार झाला. न्यू जर्सीतल्या एका गावाने कॅथलिक शाळेत जाणाऱ्या मुलांचंही बसभाडं परत केलं होतं. राज्य आणि चर्च यांच्यात उंच भिंत हवी असं सांगणाऱ्या त्याच निकालात पाच विरुद्ध चार मतांनी बसभाडं मात्र चालतं असं ठरलं. चर्चला आग लागली तर बंब जातोच, तसं हे. त्या देशातली भिंतही दिसते तितकी सलग नाही. २०१७ साली एका चर्चच्या बालवाडीला मुलांच्या मैदानावर जुन्या टायरांच्या रबराचा थर टाकायला सरकारी मदत नाकारली गेली, तेव्हा त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नकारघंटाच चुकीची ठरवली. घसरून पडणाऱ्या पोराचं ढोपर कोणत्या धर्माचं?

फ्रान्सने १९०५ मध्ये धर्म आणि राज्य कायद्याने वेगळं केलं, तरी जुनी चर्चं सरकारी मालकीची राहिली आणि त्यांची डागडुजी सरकारच करतं. जर्मनीत तर चर्चच्या सभासदांकडून सरकारच प्राप्तिकराच्या आठ-नऊ टक्के चर्च-कर वसूल करून देतं. मात्र सभासदत्व सोडलं की कर सुटतो. तिथल्या तेल देणाऱ्याला निदान आपला घाणा त्या हिशेबातून काढून घेता येतो.

वारीकडे पाहिलं की सरकारी खर्चाचे किती प्रकार असतात ते एका वाटेवर दिसतं. मुक्ताईची पालखी कोथळी-मुक्ताईनगरहून निघते आणि महिनाभराहून जास्त चालून पंढरपूरला पोचते. बुलढाणा, जालना, बीड असे जिल्हे मागे टाकत, भर उन्हात निघून पावसात भिजत. या वाटेवर फिरती शौचालयं, पाण्याचे टँकर, आरोग्य पथकं असतात. बाईमाणसाला पहाटेच्या अंधारात आडोसा शोधत हिंडावं लागू नये, यासाठी खर्च झालेला रुपया मला कोणत्याही अर्थाने धर्माला दिलेला वाटत नाही. २०२३ मध्ये वारकऱ्यांसाठी वारीच्या काळापुरता विमा आला. चालताना मृत्यू आला तर घरच्यांना पाच लाख. यातही खोट काढता येणार नाही. २०२४ मध्ये मात्र सरकारने आषाढी वारीतल्या दिंड्यांना प्रत्येकी वीस हजार रुपये रोख द्यायचं ठरवलं. इथे काहीतरी बदललं. शौचालय कोणीही वापरतो, रस्त्याने जाणारा ट्रकवालाही. वीस हजार रुपये एका संप्रदायाच्या एका संस्थेच्या हातात पडतात, कारण ती त्या संप्रदायाची आहे. रक्कम लहान आहे. वारकरी संप्रदायाबद्दल माझ्या मनात जो आदर आहे तो शब्दांत मावणारा नाही. साडेसातशे वर्षं ही परंपरा पदराला खार लावून, भाकरी बांधून, कोणाच्या अनुदानाविना चालली. म्हणूनच मला ते पैसे अस्वस्थ करतात. देणारा पुढच्या वर्षी काहीतरी मागतो.

त्याच वर्षी जुलैमध्ये मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना आली. साठ वर्षांवरच्या, अडीच लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या, सर्व धर्मांतल्या ज्येष्ठांना तीर्थयात्रेसाठी माणशी तीस हजार रुपयांपर्यंतचा खर्च. मध्य प्रदेशाने असं २०१२ मध्येच सुरू केलं होतं. सर्व धर्मांना खुली असल्याने अनुच्छेद २७ मधला ‘विशिष्ट धर्म’ हा शब्द ती टाळते. जन्मभर शेतात राबलेली म्हातारी आगगाडीत बसून अयोध्येला किंवा बोधगयेला जाते, तिच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून कोणाचंही मन भरून येईल. तरीही मला विचारावंसं वाटतं, की ही योजना सामाजिक न्याय विभागाकडे का? ज्या विभागाकडे शिष्यवृत्त्या आहेत, मागासवर्गीय मुलांची वसतिगृहं आहेत, त्याच विभागाच्या टेबलावर तीर्थयात्रेची यादी आली. आणि जो ज्येष्ठ नागरिक कोणतंच तीर्थ मानत नाही, त्याला रायगड किंवा अजिंठा पाहायला हे तीस हजार मिळतील का?

मदरशांच्या योजनेचं उदाहरण इथे घेतलंच पाहिजे, कारण तिच्यावर ओरड फार होते आणि मूळ योजना वाचतं कोणी नाही. राज्याच्या डॉ. झाकिर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजनेत पैसा मिळतो तो गणित, विज्ञान, समाजशास्त्र, मराठी, हिंदी, इंग्रजी शिकवण्यासाठी आणि त्या शिक्षकांच्या मानधनासाठी. धर्मशिक्षण मदरशाने स्वतःच्या पैशाने द्यायचं. २०२४ मध्ये डी.एड. शिक्षकांचं मानधन सहा हजारांवरून सोळा हजार झालं. पाटणच्या मठाकडे परत पाहा. धर्मसंस्थेच्या छताखाली गणित शिकवायला राजाने दिलेला पैसा! आठशे वर्षांचं अंतर सोडलं तर व्यवहार तोच आहे. एकाला आपण अभिमानाने वारसा म्हणतो. मग दुसऱ्याला लांगूलचालन म्हणताना जीभ अडखळायला हवी.

जिल्ह्यातला खरा मोठा ओघ मात्र तीर्थक्षेत्रांच्या दर्जातून येतो. येणाऱ्या भाविकांच्या संख्येवरून स्थळाला दर्जा मिळतो. ‘क’ वर्गाचं काम जिल्हा नियोजन समितीत होतं, ‘ब’ वर्गाचं ग्रामविकास खात्याकडे. ग्रामपंचायतीचा ठराव होतो, प्रस्ताव तालुक्याहून जिल्ह्याला जातो, पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली बैठक होते. कागदावर जे मागितलं जातं ते असं: पोचरस्ता, पिण्याचं पाणी, दिवे, शौचालय, वाहनतळ, भक्तनिवास. कागद सोयीसुविधांचा असतो, देवाचा नसतो. म्हणून तो टिकतो. आणि मग आपल्या प्रत्येक गावात दिसणारा सभामंडप. खासदार निधीच्या नियमांत प्रार्थनास्थळाच्या आत किंवा धर्मसंस्थेच्या मालकीच्या जागेवर काम करायला मनाई आहे. पण देवळासमोरची जागा गावठाणाची असली की तिथे ‘सामाजिक सभागृह’ होतं. पत्र्याचा उंच मांडव, खाली चकचकीत फरशी, आणि निधी देणाऱ्याच्या नावाची संगमरवरी पाटी देवाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत.

मी सभामंडपांच्या विरोधात नाही. लग्नं तिथेच लागतात, पंगती तिथेच बसतात, पोलिओचा डोस तिथेच देतात, उन्हाळ्यात बिनपंख्याच्या घरातली म्हातारी माणसं दुपारी तिथेच पडून असतात. प्रश्न एवढाच, की ती जागा गावातल्या प्रत्येकाची आहे का. आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते. भाऊबंद एकत्र येतात, माणसं मोजून गहू काढतात, ते दळून रोट करतात. अनेक घरांत दंडक आहे की रोट भाऊबंदांतच खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही. त्याला कोणी हरकत घ्यायचं कारण नाही. गहू त्यांचा, देवी त्यांची, रोट त्यांचा. पण ज्या फरशीला गावाच्या करातले पैसे लागले, तिला भाऊबंदकीचा नियम लावता येणार नाही. अमळनेरच्या शाळेत शिकवून गेलेल्या साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरला उपोषण केलं ते विठ्ठलाच्या मंदिराचं दार हरिजनांना उघडावं म्हणून. अकराव्या दिवशी ते सुटलं. गुरुजींचा मार्ग हृदयपरिवर्तनाचा होता; कायदा त्याच सुमारास मागून आला. पुढे १९७३ च्या कायद्याने त्या मंदिरातले बडव्यांचे वंशपरंपरागत हक्क सरकारने काढून घेतले आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं.

हा रस्ता उलटाही वाहतो. २०१८ मध्ये शिर्डीच्या संस्थानाने निळवंडे धरणाच्या कालव्यांसाठी पाचशे कोटींचं बिनव्याजी कर्ज द्यायचं ठरलं. देवाच्या पेटीतला पैसा पाटबंधाऱ्याला. शेतकऱ्याला पाणी मिळावं, हे कोणाला नको असेल? पण सरकार देवस्थानावर समिती नेमणार आणि समिती सरकारला पैसे देणार, तर ज्याने पेटीत ते टाकले त्याला विचारणारं कोणी उरत नाही. घाण्यावरच्या माणसाची जी गत, तीच दानपेटीत नोट टाकणाऱ्याची.

चाळीसगाव तालुक्यातल्या एका गावच्या ग्रामसभेत मी एकदा बसलो होतो. दोन डोंगरांमधलं लहान गाव, देवीची यात्रा मोठी. ‘क’ वर्गातून मिळणाऱ्या निधीत काय मागायचं, यावर चर्चा होती. सभा देवळासमोरच्या ओट्यावर, गडी पुढे, बाया मागे भिंतीला टेकून. ग्रामसेवकाने अंदाजपत्रक वाचलं. सभामंडपाची उंची वाढवणं, फरशी बदलणं, प्रवेशद्वाराची कमान. माना डोलल्या. ठराव लिहायला त्याने पेन काढलं, तेवढ्यात भिंतीकडून एक आजी पदर सावरत उठली. म्हणाली, “कमान करा बापा, पन बायास्नी कथा जावानं?”

ओट्यावर कोणी बोललं नाही. यात्रेत तीन दिवस हजारो बाया येतात, आणि आडोसा म्हणजे नाल्याकाठची बाभळीची झुडपं. सगळ्यांना ठाऊक होतं. कागदावर कोणी आणलं नव्हतं. पुढच्या रांगेतला एक जण म्हणाला, देवळाजवळ संडास कसा बांधणार? आजी म्हणाली, मग खालच्या अंगाला बांधा, देवी काय नाही म्हनत नही. ग्रामसेवकाने सरपंचाकडे पाहिलं. सरपंचाने कमानीची रक्कम किती ते पुन्हा वाचायला सांगितलं. मग पेनाने कमानीच्या ओळीवर काट मारली गेली आणि तिच्या खाली नवी ओळ आली: स्त्रियांसाठी शौचालय, आठ सीट, पाण्याच्या टाकीसह. सूचक म्हणून आजीचं नाव लिहायचं ठरलं. तिने अंगठा पुढे केला, आणि शाई लागल्यावर तो ओट्याच्या कडेला पुसत पुन्हा भिंतीशी जाऊन बसली.